“बजेट नाही” हे उत्तर चालतं का? अमेरिकेतल्या विशेष शिक्षणाच्या पैशांबद्दल मराठी पालकांचे नेहमीचे प्रश्न

माझा मुलगा चार वर्षांचा असताना त्याचा पहिला आयईपी झाला, म्हणजे दिव्यांग मुलाला शाळेने कोणती मदत किती द्यायची याचा लेखी आराखडा. आठवड्यातून तीनदा स्पीच थेरपी, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि थेरपी आठवड्यातून एकदाच व्हायला लागली. विचारलं तर “यंदा बजेट कमी आहे” असं उत्तर मिळालं. आम्ही दोघं मान डोलावून घरी आलो. पैसेच नाहीत म्हटल्यावर पुढे काय बोलणार? ते मान डोलावणं आमच्या मुलाला पाच महिने महाग पडलं. त्यानंतर मी गावातल्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या बजेटचे कागद वाचायला लागले आणि ओळखीतल्या मराठी घरांतून प्रश्न येत गेले. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मी वकील नाही. प्रकरण सुनावणीपर्यंत जाणार असेल तर तुमच्या राज्यातला जाणकार वकील गाठाच.

हा पैसा येतो तरी कुठून?

तीन ठिकाणांहून: गावातला प्रॉपर्टी टॅक्स, राज्य सरकार आणि केंद्र सरकार. त्यात केंद्राचा वाटा सगळ्यात लहान, पण सगळ्यात जास्त अटी त्याच्याच.

केंद्राच्या पैशामागचा कायदा 29 नोव्हेंबर 1975 रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या सहीने झाला. 1990 मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. सगळे त्याला ‘आयडिया’ (इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज एज्युकेशन ॲक्ट) म्हणतात. सरासरी एका विद्यार्थ्यावर होणाऱ्या खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्र प्रत्येक दिव्यांग मुलामागे देईल, असं 1975 मध्येच ठरलं. सही करतानाच फोर्ड यांनी बोलून दाखवलं होतं की केंद्राला झेपेल त्याहून जास्त वचन या कायद्यात दिलं आहे. पन्नास वर्षांत ते 40 टक्के कधीच गाठले गेले नाहीत. अलीकडच्या वर्षांत हा वाटा 15 टक्क्यांच्याही खाली आहे. 2024 च्या आर्थिक वर्षात शालेय वयाच्या मुख्य अनुदानाची रक्कम सुमारे 14.2 अब्ज डॉलर होती, आणि या कायद्याखाली सेवा घेणारी मुलं आहेत सुमारे 75 लाख. म्हणजे मुलामागे दोन हजार डॉलरही नाहीत. उरलेला सगळा भार राज्यावर आणि गावावर.

म्हणजे माझ्या मुलाच्या नावाने डिस्ट्रिक्टला पैसे येतात का?

नाही. हा गैरसमज मी सगळ्यात जास्त ऐकते. “आमच्या मुलाचे पैसे त्यांनी दुसरीकडे वापरले,” असं पालक चिडून म्हणतात. केंद्राचा पैसा राज्यांना आणि राज्यांकडून डिस्ट्रिक्टना सूत्राने वाटला जातो. जुना ठरलेला पाया (पूर्वीपासून मिळत आलेली ठरावीक रक्कम) सोडला तर वरच्या रकमेपैकी 85 टक्के मुलांच्या संख्येवर आणि 15 टक्के गरिबीच्या प्रमाणावर. तुमच्या मुलाला आठवड्यात दोन तास मदत लागते की पूर्ण दिवस, याचा या सूत्राशी संबंध नाही.

हे एकदा लक्षात आलं की मीटिंगमधला आपला सूर बदलतो. “माझ्या मुलाच्या वाट्याचे पैसे कुठे गेले?” या प्रश्नाला उत्तरच नसतं. “याच्या गरजेसाठी आयईपीत काय लिहायचं?” या प्रश्नाला मात्र त्यांना उत्तर द्यावंच लागतं.

मग “बजेट नाही” म्हणून सेवा नाकारता येते का?

आयईपीत लिहिलेली सेवा नाकारता येत नाही. पैसे कुठून आणायचे हा डिस्ट्रिक्टचा प्रश्न आहे, मुलाचा नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा 1999 चा निकाल आहे. आयोवामधल्या सीडर रॅपिड्सच्या एका विद्यार्थ्याला व्हेंटिलेटर लागायचा, आणि शाळेत दिवसभर कोणीतरी प्रशिक्षित माणूस त्याच्याजवळ असणं भाग होतं. खर्च फार होतो, असं डिस्ट्रिक्टचं म्हणणं होतं. ते न्यायालयाने मान्य केलं नाही. त्या मदतीशिवाय मुलगा शाळेत बसूच शकत नसेल आणि ते काम डॉक्टरनेच करायचं नसेल, तर ते शाळेला द्यावंच लागेल, असा त्या निकालाचा अर्थ. पुढे 2017 मध्ये कोलोराडोतल्या डग्लस काउंटीच्या प्रकरणात न्यायालयाने एकमताने सांगितलं की नावापुरती प्रगती पुरेशी नाही; मुलाच्या परिस्थितीचा विचार करून त्याला खरोखर पुढे नेणारा आयईपी हवा.

याचा अर्थ मागू ते मिळतं असा मुळीच नाही. दोन मार्ग सारखेच योग्य असतील तर कमी खर्चाचा मार्ग शाळा निवडू शकते. भांडण ‘योग्य’ या शब्दावर होतं, आणि ते मूल्यमापनाच्या रिपोर्टवर आणि प्रगतीच्या नोंदींवर लढायचं असतं.

तोंडी “बजेट नाही” म्हणाले. आता काय करू?

लेखी मागा. शाळेने एखादी गोष्ट बदलायची ठरवली किंवा तुमची मागणी नाकारली, तर तिला ‘प्रायर रिटन नोटिस’ द्यावी लागते. काय नाकारलं, का नाकारलं, कोणत्या रिपोर्टच्या आधारावर, दुसरे कोणते पर्याय पाहिले, हे सगळं त्यात असायला लागतं.

आम्ही शेवटी एवढंच केलं. चार ओळींची ईमेल पाठवली: आयईपीत तीन सत्रं आहेत, एकच होतंय, याचं कारण कृपया लेखी कळवा. आठवडाभरात मीटिंग लागली. कारण ‘बजेट’ हा शब्द लिहून द्यायला कोणी तयार नव्हतं. चुकलेली सत्रं भरून द्यायचं ठरलं आणि ती उन्हाळ्यात झाली. ज्या थेरपिस्टने ती घेतली तिच्याबद्दल माझ्या मनात आजही फक्त कृतज्ञता आहे. वर्गातली माणसं बहुतेक वेळा आपल्याच बाजूची असतात.

‘मेंटेनन्स ऑफ एफर्ट’ म्हणजे काय? स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये सारखा कानावर येतो.

पैशांच्या नियमांतला हा कणा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

केंद्राचा पैसा आला म्हणून डिस्ट्रिक्टने स्वतःचा हात आखडता घेऊ नये, हा याचा हेतू. गेल्या वर्षी विशेष शिक्षणावर स्वतःचा जेवढा खर्च केला, त्याहून यंदा कमी करायचा नाही. तपासणी दोनदा होते: वर्षाच्या सुरुवातीला बजेट पाहून आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष खर्च पाहून.

तुलना चार पद्धतींनी करता येते. फक्त गावाचा पैसा धरायचा, की गाव आणि राज्य दोन्हींचा; आणि त्यातही एकूण रक्कम धरायची, की दर मुलामागची. चारपैकी एका पद्धतीत बसलं तरी डिस्ट्रिक्ट पास. समजा, गेल्या वर्षी गाव आणि राज्य मिळून 50 लाख डॉलर खर्च झाले आणि मुलं 200 होती. यंदा खर्च 48 लाख. एकूण रकमेत दोन लाख कमी, म्हणजे नापास. पण मुलं 190 झाली असतील तर दर मुलामागचा खर्च 25,000 वरून साधारण 25,263 वर गेला, म्हणजे पास. त्यामुळे बजेटमधला एक आकडा खाली गेलेला दिसला की लगेच आरोप करू नका. आधी मुलांची संख्या विचारा.

काही कपाती कायद्यालाच मान्य आहेत. जास्त पगाराच्या अनुभवी शिक्षिका निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी नवीन कोणी आलं, तर पगारातला फरक वजा करता येतो. विशेष शिक्षणातली मुलंच कमी झाली, फार खर्चिक सेवा लागणारं एखादं मूल दुसऱ्या गावी गेलं किंवा वयाची मर्यादा ओलांडून बाहेर पडलं, मोठी उपकरणं किंवा बांधकाम यांचा एकदाच होणारा खर्च संपला, किंवा राज्याच्या एखाद्या निधीने खर्च उचलला, तर तेवढी घट चालते. शिवाय केंद्राचं अनुदान वाढलं तर त्या वाढीच्या निम्म्यापर्यंत स्वतःचा खर्च कमी करायची मुभा काही अटींवर मिळते. पैसे वाचवायचे म्हणून माणसं कामावरून काढणं मात्र या यादीत नाही.

या नियमाची एक बाजू मला मनापासून खटकते. एकदा खर्च वाढवला की तो खाली आणणं अवघड, हे माहीत असल्यामुळे काही डिस्ट्रिक्ट नवा कार्यक्रम सुरू करायलाच बिचकतात. डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरच्या शाळांत पाठवलेल्या दहा मुलांना परत आपल्याच शाळेत आणून, चांगलं शिकवून पैसे वाचले, तरी ती बचत खर्च घटल्यासारखीच दिसते. तरीही हा नियम नसता तर मंदीच्या पहिल्याच वर्षी आपल्या मुलांच्या सेवांना कात्री लागली असती, याबद्दल मला शंका नाही.

हा नियम माझ्या मुलाची एड (वर्गात त्याच्यासोबत असणारी मदतनीस) वाचवेल का?

नाही. तो एकूण खर्चाला लागू होतो, एका मुलाच्या सेवेला नाही. तुमच्या मुलाची एड काढून तोच पैसा वाचन-तज्ज्ञावर खर्च केला तर या नियमाचा भंग होत नाही. तुमच्या मुलाचं संरक्षण आयईपीत आहे. म्हणून आयईपीत “आवश्यकतेनुसार मदत” असं मोघम लिहू देऊ नका. किती मिनिटं, आठवड्यातून किती वेळा, वर्गात की वर्गाबाहेर, एकट्याला की गटात, हे सगळं असलंच पाहिजे.

‘एक्सेस कॉस्ट’ म्हणजे काय?

आपलं मूल आधी त्या शाळेचं सर्वसाधारण विद्यार्थी आहे आणि मग विशेष शिक्षण घेणारं. इतर मुलांवर सरासरी जेवढा खर्च होतो तेवढा त्याच्यावरही आधी व्हायला हवा. केंद्राचा पैसा त्याच्यावरच्या जादा खर्चासाठीच; हाच ‘एक्सेस कॉस्ट’. प्राथमिक आणि माध्यमिक यांचा हिशेब वेगळा करतात. त्यामुळे सगळ्या शाळेसाठी घेतलेले लॅपटॉप किंवा मुख्याध्यापकांचा पगार या पैशातून देता येत नाही.

पण विशेष शिक्षिका आयईपी नसलेल्या मुलांनाही मदत करताना दिसतात. ते चालतं?

चालतं. तुमच्या मुलाच्या आयईपीप्रमाणे ती नेहमीच्या वर्गात बसत असेल आणि शेजारच्या मुलाला त्याचा फायदा झाला, तर कायद्याची हरकत नाही. शिवाय डिस्ट्रिक्टला अनुदानाच्या 15 टक्क्यांपर्यंत रक्कम, अजून आयईपी नसलेल्या पण मागे पडणाऱ्या मुलांवर वापरता येते. विशिष्ट वंशाची मुलं विशेष शिक्षणात ढकलण्याचं प्रमाण फार विषम आढळलं, तर हे 15 टक्के ऐच्छिक राहत नाहीत, सक्तीचे होतात.

हिशेब तपासतं कोण? चूक सापडली तर काय होतं?

आधी राज्याचा शिक्षण विभाग. त्याशिवाय वर्षाला ठरावीक रकमेच्या वर केंद्राचा पैसा खर्च करणाऱ्या डिस्ट्रिक्टचं ‘सिंगल ऑडिट’ होतं. ही मर्यादा 7,50,000 डॉलर होती. 1 ऑक्टोबर 2024 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ती 10 लाख झाली. अर्धा दिवस सामान्य वर्ग आणि अर्धा दिवस विशेष वर्ग घेणाऱ्या शिक्षकाच्या वेळेची नोंद नसली आणि अख्खा पगार अनुदानातून दिला, तर ऑडिटर त्यावर बोट ठेवतो. केंद्राचं अनुदान वापरायला साधारण 27 महिने मिळतात, त्यानंतर उरलेले पैसे परत जातात. डिस्ट्रिक्टकडे न वापरलेलं अनुदान पडून आहे का, हा बोर्डाच्या मीटिंगमध्ये विचारण्याजोगा प्रश्न आहे.

स्वतःचा खर्च टिकवला नाही, तर जेवढी तूट किंवा जेवढं अनुदान, यांपैकी जी रक्कम कमी ती केंद्राला परत करावी लागते, तीही केंद्राकडून न आलेल्या पैशातून. परतफेडीची जबाबदारी राज्याची; राज्य ती डिस्ट्रिक्टकडून वसूल करू शकतं. पुढच्या वर्षी तो घसरलेला आकडा नवा पाया धरता येत नाही. जुनाच आकडा गाठावा लागतो.

राज्यच नियम मोडत असेल तर?

टेक्सासचं उदाहरण पाहा. डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनकडच्या मराठी घरांना ते जवळचं आहे. 2004 मध्ये तिथल्या राज्य शिक्षण संस्थेने देखरेखीसाठी एक निकष ठेवला: विशेष शिक्षणातली मुलं एकूण मुलांच्या 8.5 टक्क्यांपर्यंत असावीत. त्याहून जास्त असलेली डिस्ट्रिक्ट नजरेखाली येऊ लागली. एके काळी बारा टक्क्यांच्या आसपास असलेलं प्रमाण घसरत साडेआठ टक्क्यांपाशी आलं, आणि देशाची सरासरी तेव्हा 13 टक्के होती. 2016 मध्ये ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ने हे उघड केलं, 2017 मध्ये विधिमंडळाने असा निकष ठेवायला बंदी घातली आणि जानेवारी 2018 मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने टेक्सासने कायदा मोडल्याचा निष्कर्ष दिला. पण “थोडं थांबून बघू” असं ऐकत ज्या मुलांची शाळा संपली, त्यांची ती वर्षं कोणी परत दिली नाहीत.

त्याच राज्याचं दुसरं प्रकरण पैशाचं. खर्च टिकवण्याचं बंधन राज्यांवरही असतं. 2012 च्या आर्थिक वर्षात टेक्सासने विशेष शिक्षणावरचा राज्याचा खर्च 3 कोटी 33 लाख डॉलरनी कमी केला. मुलांच्या गरजाच कमी झाल्या म्हणून आमच्या सूत्राप्रमाणे खर्च कमी झाला, असं राज्याचं म्हणणं. 2018 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने ते फेटाळलं. सूत्र राज्याचं स्वतःचं असलं तरी रक्कम खाली आणता येणार नाही.

“तुमच्या मुलामुळे गावाचा टॅक्स वाढतो,” असं कोणी म्हटलं तर?

मला हे एकदा किराणा दुकानात ऐकावं लागलं आहे. त्या दिवशी मी काही बोलू शकले नाही. उत्तर असं, की फार खर्चिक सेवांसाठी अनेक राज्यांत वेगळा निधी असतो. मॅसॅच्युसेट्समध्ये ‘सर्किट ब्रेकर’ आहे: एका मुलाचा खर्च राज्याने धरलेल्या सरासरीच्या चौपटीहून वर गेला, तर वरच्या खर्चाचा मोठा भाग राज्य देतं. न्यू जर्सीत ‘एक्स्ट्रॉर्डिनरी एड’ नावाचं असंच अर्थसाहाय्य आहे. हे पैसे अर्ज केल्याशिवाय मिळत नाहीत, म्हणून डिस्ट्रिक्टने अर्ज केला का, हे जरूर विचारा. आणि केंद्राने 40 टक्क्यांचा शब्द पाळला असता, तर गावाच्या टॅक्सवर इतका ताण आलाच नसता.

शाळा मेडिकेडसाठी सही मागते आहे. द्यावी का?

मुलाला मेडिकेड (सरकारी आरोग्य विमा) असेल तर आयईपीतल्या काही थेरपींचे पैसे शाळा तिथून वसूल करू शकते. त्यासाठी तुमची लेखी संमती एकदा लागते आणि ती तुम्ही कधीही मागे घेऊ शकता. सही दिली नाही तरी सेवा बंद करता येत नाही. सेवा हवी असेल तर मेडिकेड घ्या, अशी सक्तीही करता येत नाही. या वसुलीमुळे मुलाचे स्वतःचे मेडिकेडचे लाभ कमी होणार नाहीत, ही अटही कायद्यात आहे.

मूल खासगी शाळेत आहे. त्याला काही मिळतं का?

मिळतं, पण हक्क वेगळा. तुम्ही स्वतः खासगी शाळा निवडली असेल तर केंद्राच्या अनुदानाचा ठरावीक वाटा अशा मुलांसाठी बाजूला काढावा लागतो. खासगी शाळा ज्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीत आहे, ते डिस्ट्रिक्ट तो काढतं. हद्दीत पात्र मुलं 320 आणि त्यातली 20 खासगी शाळांत असतील, तर चार लाखांच्या अनुदानातले 25,000 डॉलर. तो पैसा कशावर खर्च करायचा हे खासगी शाळांशी बोलून डिस्ट्रिक्ट ठरवतं, त्यामुळे एकेका मुलाचा सेवेवर हक्क राहत नाही. पब्लिक स्कूल सोडण्यापूर्वी हा फरक नीट समजून घ्या.

तक्रार नेमकी कुठे करायची?

पैशांचा नियम मोडला जातोय असं वाटलं तर राज्याच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करा. कोणीही करू शकतं, फी नाही. घटना एका वर्षाच्या आतली हवी आणि निर्णय 60 दिवसांत लागायला हवा. ‘ड्यू प्रोसेस’ सुनावणी वेगळी: ती तुमच्या मुलाची पात्रता, मूल्यमापन, वर्ग किंवा सेवा यांच्यापुरती, आणि साधारणपणे दोन वर्षांची मुदत. “डिस्ट्रिक्टने एकूण खर्च कमी केला” हा मुद्दा घेऊन सुनावणीला गेलात तर वेळ आणि वकिलाची फी दोन्ही वाया जाईल.

तक्रारीपूर्वी कागद मागवा. केंद्राच्या अनुदानासाठीच्या पात्रतेचे कागद पालकांना आणि जनतेला पाहायला खुले ठेवणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. ऑडिटचे रिपोर्टही सार्वजनिक असतात. बाकीचं राज्याच्या माहिती कायद्याखाली मागता येतं. आपल्याकडे माहितीचा अधिकार वापरतो तसंच.

आम्ही एच-वन-बी वर आहोत. तक्रार केली तर त्रास होईल का?

शाळेच्या हक्काला व्हिसाची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या प्लायलर निकालापासून हे पक्कं आहे. तक्रार केली म्हणून सूड घेणंही बेकायदा आहे. भीती तरीही वाटतेच, मला वाटली होती. म्हणून सगळं ईमेलवर ठेवा, भाषा नम्र ठेवा, आणि तारखा लिहा.

भारतात परत गेलो तर हा आयईपी चालेल का?

कायदेशीर कागद म्हणून नाही. भारतात 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा लागू होतो. त्यात लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तींचं सरकारी ओळखपत्र) तिथलंच लागतं. मूल्यमापनाचे सगळे रिपोर्ट मात्र सोबत न्या. पुण्या-मुंबईतल्या थेरपिस्टला त्यांचा फार उपयोग होतो.

मीटिंगला मराठी दुभाषा मिळतो का? आजीला नेलं तर चालेल?

मीटिंगमध्ये काय चाललंय ते पालकांना समजावं म्हणून दुभाषा देणं शाळेचं काम आहे, आणि त्याचे पैसे तुम्ही द्यायचे नाहीत. मराठी दुभाषा शोधायला वेळ लागतो, त्यामुळे दोन आठवडे आधी लेखी कळवा आणि ‘हिंदी चालेल का?’ असं विचारलं तर नको असल्यास स्पष्ट नाही म्हणा. आजीलाही न्या. मुलाला ओळखणाऱ्या व्यक्तीला सोबत आणायचा हक्क पालकांना आहे, आणि दुपारभर नातवाला सांभाळणाऱ्या आजीला तो कधी, कशाने बोलतो, हे रिपोर्टपेक्षा जास्त माहीत असतं. फक्त तिचं नाव आधी कळवून ठेवा.